हवं तर सोडून द्या, पण गाळू नका

रॉबर्ट जॉर्डन यांची 'द व्हील ऑफ टाइम' ही मालिका नव्याने हातात घेणाऱ्या वाचकाला पहिल्या खंडाचं पन्नासावं पान यायच्या आत एक सल्ला मिळतो. सल्ला देणारा बहुधा मालिका संपवलेलाच असतो, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन असतं. पहिले सहा खंड झकास आहेत, सातवाही चालेल, असं तो सांगतो. मात्र आठवा, नववा आणि दहावा म्हणजे निव्वळ रखडपट्टी. त्यांचा सारांश कुठेतरी वाचून घ्यायचा आणि थेट अकरावा उघडायचा. अलीकडे या सल्ल्याला इतकी मान्यता मिळाली आहे की, मालिकेचं पहिलं पानही न उलटलेली माणसं तो बिनदिक्कत पुढे देतात.

हा सल्ला चुकीचा आहे. ज्या आधारावर तो दिला जातो, तो आधारच कच्चा आहे.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. जेम्स ऑलिव्हर रिग्नी ज्युनियर हे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्सटनचे. 'रॉबर्ट जॉर्डन' हे त्यांचं टोपणनाव. व्हिएतनाम युद्धात त्यांनी हेलिकॉप्टरवरचा बंदूकधारी म्हणून दोन कार्यकाळ काढले, परतल्यावर भौतिकशास्त्र शिकले आणि अमेरिकन नौदलासाठी अणुअभियंता म्हणून काम केलं. 1990 साली 'द आय ऑफ द वर्ल्ड' हा पहिला खंड आला. करार सहा पुस्तकांचा होता. 2007 मध्ये जॉर्डन वारले तेव्हा अकरा खंड छापून झाले होते आणि कथा अपुरी होती. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल मालिकेच्या संपादकही होत्या. त्यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाकडे उरलेलं काम सोपवलं. एका खंडात आटपायची कथा तीन खंडांत गेली आणि 2013 मध्ये चौदाव्या खंडाने ती संपली. एकूण मजकूर सुमारे 44 लाख शब्दांचा. नावानिशी येणारी पात्रं दोन हजारांवर. एवढ्या पसाऱ्यात कथेतला काळ सरतो तो जेमतेम दोन-अडीच वर्षांचा.

आता रखडपट्टीच्या आरोपाकडे. जॉर्डन यांनी पैशासाठी पाणी घातलं, प्रकाशकाने घालू दिलं आणि संपादक घरातलीच असल्याने कात्री चालवायला कोणी उरलं नाही, असा त्याचा नेहमीचा सूर. आरोप ऐकायला पटतो. पण खंडांची जाडी पाहिली की गंमत कळते. वाचकांचा लाडका चौथा खंड 'द शॅडो रायझिंग' साडेतीन लाख शब्दांच्या बराच वर जातो. सहावा 'लॉर्ड ऑफ केऑस' जवळपास तेवढाच. बदनाम आठवा खंड 'द पाथ ऑफ डॅगर्स' मात्र सव्वादोन लाखांच्या आसपास थांबतो, आणि चौदाही खंडांत तोच सर्वांत लहान आहे. नववा 'विंटर्स हार्ट' त्याहून किंचित मोठा. दहावा 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' पावणेतीन लाखांच्या घरात, म्हणजे पहिल्या खंडापेक्षाही कमी. पाणी घातलं असतं तर पुस्तकं फुगायला हवी होती. ती रोडावली आहेत.

मग वाचकांना लांबी जाणवली कुठून? पुस्तकांपेक्षा त्यांच्या मधल्या रिकाम्या वर्षांतून. पहिले सहा खंड जवळजवळ वर्षाला एक या हिशेबाने आले. 1990 साली तर जानेवारीत पहिला आणि नोव्हेंबरात दुसरा. पुढे वेग मंदावला. सातवा 1996 मध्ये, आठवा 1998 मध्ये, नववा 2000 च्या नोव्हेंबरात आणि दहावा थेट 2003 च्या जानेवारीत. दोन वर्षांहून अधिक काळ ताटकळलेल्या वाचकाने 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' उघडलं, तर ज्याच्यासाठी मालिका सुरू झाली तो रँड या जाड पुस्तकात मोजक्या पानांपुरता. अकराव्याला 2005 चा ऑक्टोबर उजाडला, आणि मधल्या काळात हाती पडली ती पूर्वकथेची एक छोटी कादंबरी. त्या वाचकाचा संताप रास्त होता. त्याला पाच वर्षांत कथा इंचभर सरकलेली दिसली.

पण आज मालिका हातात घेणाऱ्याचे चौदाही खंड फळीवर रांगेत उभे असतात. त्याला नववा संपवून दहावा उघडायला एक रात्र पुरते. 2003 मधल्या वाचकाची तक्रार त्याने उसनी का घ्यावी? पुस्तक तेच असलं तरी वाचन तेच राहिलेलं नाही. निष्कर्ष मात्र जुनाच, वारसाहक्काने चालत आलेला.

'या खंडांत काही घडतच नाही' हा दुसरा आरोप जास्त गंभीर आहे. दहाव्याबाबत तो अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग आधी मान्य केलेला बरा. नवव्याच्या शेवटी रँड आणि त्याची सहकारी नाइनीव शादार लोगोथ या शापित शहरापाशी एक अचाट काम करतात. पुरुषांच्या वाट्याची जादूशक्ती, म्हणजे सायदीन, तीन हजारांहून अधिक वर्षं विटाळलेली असते आणि ती वापरणारा प्रत्येक पुरुष अखेर वेडा होतो. तो विटाळ हे दोघं धुऊन काढतात. मालिकेतली ही सर्वांत मोठी घटना. पुढचं पान उलटताना वाचकाला हवं असतं ते 'मग काय झालं'. जॉर्डन त्याला मागे नेतात. बाकीची पात्रं त्या वेळी कुठे होती, क्षितिजापलीकडे उसळलेली ती शक्ती त्यांना कशी जाणवली, हे एकेकाच्या वाटेने सांगत बसतात. एकदा, दोनदा, तीनदा. या बांधणीचा अंदाज चुकल्याचं पुढे जॉर्डन यांनीच मान्य केलं होतं.

तरीही बांधणी फसली म्हणून त्यामागची कल्पना फसत नाही. तीन हजार वर्षांतली सर्वांत मोठी गोष्ट घडली आहे आणि जगाला तिचा पत्ता नाही. कुणाला वाटतं शत्रूने नवं शस्त्र काढलं, कुणाला वाटतं रँड मेला. दूत निघतात, पण अर्धी बातमी घेऊन. त्या अर्ध्या बातमीवर राण्या आणि सेनापती निर्णय घेतात, आणि ते निर्णय पुढचे चार खंड त्यांच्या मानगुटीवर बसतात. 'काही घडत नाही' असं म्हणणाऱ्यांनी घडणं म्हणजे फक्त लढाई असं धरलं आहे.

आणि याच कंटाळवाण्या म्हटलेल्या दहाव्या खंडात पेरिनची कुऱ्हाड आहे.

पेरिन हा रँडचा बालमित्र, गावातल्या लोहाराकडे उमेदवारी करणारा. आडदांड आणि सावकाश विचार करणारा. पहिल्या खंडात गाव सोडताना त्याच्या कमरेला एक युद्धाची कुऱ्हाड येते. एका उजाड मैदानात डोमकावळ्यांचे थवे त्याच्या आणि त्याची मैत्रीण एग्वीन हिच्या मागे लागतात. ते पक्षी माणसाला जिवंतपणी टोचून मारतात, आणि पळताना पेरिनच्या मनात येतं की ते गाठणारच असतील तर त्याआधी एग्वीनला आपल्याच कुऱ्हाडीने सोडवावं. दोघं वाचतात. पण आपण काय करायला निघालो होतो, हे आठवून तो कुऱ्हाड पाण्यात भिरकावायला उठतो. एलायस नावाचा रानात राहणारा म्हातारा त्याला अडवतो. जोवर तुला हिची किळस वाटते आहे तोवर ठेव, तोवर तू ती जपून वापरशील. ज्या दिवशी किळस वाटेनाशी होईल त्या दिवशी फेकून दे, अशा अर्थाचं काहीतरी तो सांगतो. हे 1990 सालचं पुस्तक. पुढच्याच वर्षीच्या तिसऱ्या खंडात टिअर शहरातल्या एका लोहारशाळेत पेरिन भट्टीवर काम करतो आणि तिथला लोहार त्याला हातोडा देतो. तेव्हापासून त्याच्याकडे दोन्ही असतात. काय हातात धरायचं याचा फैसला पुढे सरकत राहतो.

दहाव्या खंडापर्यंत पेरिनच्या बायकोला शायडो टोळीने पळवलेलं असतं. सगळीकडे बर्फ, आणि सोबत फौज असल्याने तिच्यासाठी धान्य हवं. ते घ्यायला तो सो हाबोर नावाच्या गावात जातो, आणि ही पानं तर सारांशवाले हटकून गाळतात. गावातली माणसं मळकट आणि भेदरलेली, कारण रात्री मेलेली माणसं फिरताना दिसतात. गोदामातल्या धान्यात किडे वळवळत असतात आणि ते उफणून घ्यावं लागतं. कडाक्याच्या थंडीत सुपं चालू आहेत, किड्यांसकट भूस उडतं आहे आणि पेरिन हिशेब करतो आहे की यातलं किती खाण्याजोगं निघेल. त्याचा प्रत्येक तास असा जातो. त्याला बायको हवी आहे, आणि त्यासाठी आधी सोंडे निवडायचे आहेत.

मग छावणीत काही शायडो कैदी आणले जातात. ते बोलत नाहीत. पेरिनचेच साथीदार त्यांना निखाऱ्यांचे चटके देऊ लागतात. पेरिन ते थांबवतो, वाचकाला सुटल्यासारखं होतं, आणि पुढच्याच क्षणी तो कुऱ्हाडीने एका बांधलेल्या कैद्याचा हात तोडतो. शांतपणे सांगतो की बोलला नाहीत तर बाकीचे अवयवही जातील, पण तुम्हाला मरू देणार नाही. तिथून तो निघतो, थोडं चालतो आणि कुऱ्हाड एका झाडाच्या खोडात रुतवून पुढे जातो. परत घेत नाही.

एलायसने सांगितलेला दिवस तो हाच. जॉर्डन यांनी तो यायला तेरा वर्षं थांबवला. आणि 2010 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, सँडरसन यांनी लिहिलेल्या तेराव्या खंडात पेरिन भट्टीसमोर उभा राहून स्वतःचा युद्धहातोडा घडवतो, तेव्हा तो प्रसंग पेलतो कशावर? बर्फातल्या त्या खोडावर. सारांशात एवढंच असतं की पेरिनने कैद्याची चौकशी केली आणि कुऱ्हाड टाकली. यातला शब्दही खोटा नाही. पण सो हाबोरचे किडे आणि वाट पाहण्याचे ते आंबलेले दिवस वाचकाने स्वतः काढलेले नसतील, तर चांगल्या माणसाचा हात तिथवर पोचला कसा, हे त्याला फक्त कळवलं जातं. सोसावं लागत नाही.

रँडची गोष्ट याहून लांबवर पसरलेली आहे. सहाव्या खंडाच्या अखेरीस त्याला पकडून रोज मारतात आणि पेटीत कोंबून नेतात. सुटका होते ती डूमायच्या विहिरींपाशी झालेल्या भीषण कत्तलीत. या लढाईवर मालिकेचे चाहते फिदा आहेत, आणि आठ ते दहा खंड गाळा म्हणणारेही त्यांच्यातलेच. आता ते काय मागताहेत ते पाहा. पेटी हवी, लढाई हवी, पण त्या पेटीने माणसाचं पुढे काय झालं ते नको. पुढच्या खंडांत रँडला कोंदट जागा सोसत नाही. कुणाच्या हाती सापडण्याच्या नुसत्या विचाराने तो पिसाळतो. आपल्यापायी मेलेल्या स्त्रियांच्या नावांची यादी तो मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणतो आणि ती यादी वाढत जाते. हसणं आटतं. जवळची माणसं एकेक करून हात राखून वागू लागतात. एकाही पानावर 'आता रँड बदलला' अशी पाटी नाही. बाराव्या खंडात तो कड्याच्या टोकाला पोचतो तेव्हा वाचकाला आश्चर्य वाटत नाही, भीती वाटते, कारण तो तिथवर पावलापावलाने येताना त्याने पाहिलेला असतो.

हे लिहिणारा माणूस विशीत व्हिएतनामला जाऊन आला होता, हे इथे विसरून चालत नाही. लढाई दोन दिवसांत आटोपते आणि नंतरची वर्षं आटोपत नाहीत, हे त्याने कुठल्या ग्रंथालयात वाचलेलं नव्हतं.

मराठी वाचकाला तर हा सल्ला आणखी विचित्र वाटायला हवा. कालचक्र, युगांचं फिरून येणं, एकाच आत्म्याचे पुन्हा पुन्हा होणारे जन्म ही जॉर्डन यांच्या जगाची चौकट त्यांनी हिंदू आणि बौद्ध कल्पनांतून उचलली. त्यामुळे मालिकेच्या पहिल्या पानावर अमेरिकन वाचक अडखळतो तिथे मराठी वाचक सहज आत शिरतो. शिवाय महाभारतात युद्धाआधी सगळं उद्योगपर्व आहे. त्यात दूत येतात-जातात, संजय निरोप आणतो, विदुर रात्रभर धृतराष्ट्राला समजावतो आणि कृष्णशिष्टाई फसते. घडत काहीच नाही असं म्हणायचं तर ते पर्व सर्वांत आधी गाळायला हवं. ते गाळलं की कुरुक्षेत्रावर उरते ती दोन टोळ्यांची मारामारी.

याचा अर्थ या तीन खंडांत वाईट काही नाही असा मुळीच नाही. राजकन्या एलेनची सिंहासनाची खटपट लांबते, आणि तिच्या स्नानगृहातल्या चर्चा वाचताना पान उलटायचा मोह आवरणं कठीण जातं. नाइनीव रागावली की वेणी ओढते, हे तिसऱ्या खंडापर्यंत गोड वाटतं आणि नवव्यात वेणी कापून टाकावीशी वाटते. बायका घागरे सारखे करतात, हात बांधून उभ्या राहतात, पुरुषांना लोकरडोके म्हणतात. पुरुष मनाशी म्हणतात की बायकांचं आपल्याला कळत नाही, आपल्या मित्राला बरोबर कळतं. आणि तो मित्रही नेमकं हेच म्हणत असतो. हा विनोद पहिल्यांदा चांगला होता. कपड्यांच्या कशिद्याची वर्णनं निम्मी केली असती तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. पण या खोडी पहिल्या खंडापासूनच्या आहेत. त्यांच्यासाठी आठ ते दहा एवढेच खंड फासावर द्यायचे असतील, तर लाडक्या चौथ्यालाही सोडता येणार नाही.

'आयुष्य लहान आहे, तेवढ्या वेळात चाळीस चांगल्या कादंबऱ्या होतील' हा आक्षेप वेगळा आणि प्रामाणिक आहे. त्यावर भांडण नाही. कुणी तिसऱ्या खंडाशी थांबलं, सहाव्याशी थांबलं, तरी त्याने जे वाचलं ते पुरं वाचलं. मालिका सोडणं हा वाचकाचा हक्क आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. गाळण्यात मात्र एक फसवणूक आहे. चौदावा खंड संपवल्याचं समाधान हवं, पण तो खंड ज्यावर उभा आहे ते नको. त्या शेवटच्या खंडात अंतिम लढाईचं एकच प्रकरण एका कादंबरीएवढं लांब आहे. त्यात धारातीर्थी पडणाऱ्यांतली निम्मी माणसं मधल्या खंडांच्या रेंगाळलेल्या पानांवरच ओळखीची झालेली असतात. ती पानं ज्याने गाळली त्याच्यापुढे नुसती नावं पडतात. मग हाच वाचक म्हणतो की शेवट घाईचा वाटला.

'मालिका पडद्यावर येतेच आहे, तीच पाहू' म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचं काम परस्परच झालं. प्राइम व्हिडिओवर 2021 च्या नोव्हेंबरात ती सुरू झाली. तीन हंगामांचे चोवीस भाग झाले, तिसऱ्यात कथा चौथ्या खंडाच्या आसपास पोचली आणि 2025 च्या मे महिन्यात पुढचं काम बंद झालं. तिसरा हंगाम चांगला होता, हे त्यातलं दुःख.

ज्याला पानं खरोखरच जड जातात त्याला एक वाट आहे, आणि ती सारांशापेक्षा शतपटीने बरी. मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या पतिपत्नींनी चौदाही खंड वाचून ध्वनिमुद्रित केले आहेत. पुरुष पात्रांच्या नजरेतली प्रकरणं तो वाचतो, स्त्रियांच्या नजरेतली ती. घागऱ्यांची वर्णनं प्रवासात किंवा भांडी घासताना कानावरून निघून जातात आणि सो हाबोर मात्र राहतं. एलेनच्या स्नानगृहाचंही कानाला फारसं ओझं होत नाही.

राहिला अकरावा खंड, 'नाइफ ऑफ ड्रीम्स', जिथे गाळणारे उडी मारून उतरतात. इथे जॉर्डन पुन्हा रंगात आले असं सगळेच म्हणतात. आलेच आहेत, कारण आधीच्या तीन खंडांत ताणून धरलेले धागे ते इथे एकापाठोपाठ सोडतात. एलेनला सिंहासन मिळतं, रँडचा दुसरा मित्र मॅट याचं लग्न लागतं, पेरिनची बायको सुटते. तिच्या सुटकेच्या त्या धामधुमीत गॅलिना नावाची एक बाई आहे. सहाव्या खंडात रँडला पेटीत कोंबणाऱ्यांची ती म्होरकी होती, आणि तेव्हा वाचक तिच्या मरणाची वाट पाहत होता. त्यानंतर ती शायडोंच्या हाती पडली. तिथे थेराव्हा या निर्दय बाईची बटीक होऊन तिने जे भोगलं ते याच गाळलेल्या पानांत तुकड्यातुकड्याने येतं. अकराव्या खंडात ती पेरिनच्या बायकोला दगा देते आणि निसटता निसटता पुन्हा थेराव्हाच्याच हाती लागते, कायमची. सारांशवाल्याला तिथे एका खलनायिकेला मिळालेली शिक्षा दिसते. ज्याने आठ, नऊ आणि दहा हे खंड वाचले आहेत, त्याला तिची दया येते आणि दया आल्याचा रागही येतो.